नानांना घेऊन रणात जायचंय ना? मग ‘हमखास माळढोक’वाल्यांना नमस्कार करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाचोऱ्याहून तुम्ही, मिस्टर आणि सत्तरीतले नाना असे तिघं जाणार, जानेवारीत पाच दिवस हाताशी आहेत आणि समोर एका टूरवाल्याची जाहिरात आहे, ‘जैसलमेर डेझर्ट बर्डिंग, माळढोक हमखास’. ती घ्यावी का, नसेल तर कुठे जावं, असं तुम्ही विचारलंय. मी अमळनेरकडचा. बारा वर्षं झाली, दर हिवाळ्यात पक्षी बघायला गुजरात-राजस्थानच्या माळरानांवर एक चक्कर असते. पहिल्या दोन चकरांचे पैसे पाण्यात गेले, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी त्या ‘हमखास’चं बघू. रानात उरलेले माळढोक दीडशेच्या आतच धरतात आणि त्यातले जवळपास सगळे जैसलमेरच्या बाजूला आहेत. तिथलं डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं. म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या दुप्पट-तिप्पट पसाऱ्यात शंभर-सव्वाशे पक्षी, तेही गवताच्या रंगाचे आणि माणूस दिसला की मान खाली घालून चालू लागणारे. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते. अंगाने हा पक्षी पंधरा किलोपर्यंत भरतो, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरची वीजतार त्याला वेळेत दिसत नाही आणि दिसली तरी एवढं धूड चटकन वळत नाही. या तारा जमिनीखालून न्याव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलला. प्रकरण इतकं नाजूक आहे. अशा पक्ष्याची हमी देणारा एक तर कुंपणापलीकडचा ठिपका दाखवून ‘झालं बघा’ म्हणेल, नाही तर जिथे न्यायला नको तिथे गाडी घालेल. दोन्ही प्रकार मी पाहिलेत.

शिवाय पाचोऱ्याहून जैसलमेर म्हणजे जाण्या-येण्यातच तुमचे पाचातले तीन दिवस जातील. नानांचे गुडघे तर तुम्हीच लिहिलेत.

माझं ऐकाल तर पहिल्या वेळी कच्छचं छोटं रण आणि वेळावदर, एवढंच करा. जळगावहून नंदुरबार-सुरतमार्गे अहमदाबादला थेट गाड्या आहेत, नवजीवन तर आपली नेहमीचीच. अहमदाबादहून दसाडा-झैनाबादकडे गाडीने दोन-अडीच तास. तिथे दोन रात्री. मग तिथून चारेक तासांवर भावनगर जिल्ह्यात वेळावदर, तिथे दीड दिवस, आणि परत अहमदाबाद. भुज, बन्नीचं गवताळ रान, छारी-ढंढची पाणथळ हे सगळं अप्रतिम आहे, पण ते पुढच्या वर्षी सहा-सात दिवस काढून करा. आणि धोरडोच्या रणोत्सवाची यात गल्लत करू नका. तो तंबूंचा, गरब्याचा, पांढऱ्या रणात फोटो काढायचा कार्यक्रम आहे. वाईट नाही, पण तिथे पक्षी बघायला गेलेला माणूस उंटाबरोबर सेल्फी काढून परत येतो.

तारखांचं एक सांगतो. चौदा-पंधरा जानेवारीला उत्तरायण असतं. अख्खं गुजरात गच्चीवर. अहमदाबादला गाडी मिळत नाही, ड्रायव्हर सुटीवर, आणि मांज्यात अडकलेले पक्षी बघून जीव कासावीस होतो तो वेगळाच. वीस जानेवारीनंतर निघा. फेब्रुवारीचा पहिला आठवडाही चालेल. नाताळचा आठवडा मात्र टाळा.

आता छोटं रण म्हणजे काय, ते डोळ्यासमोर यायला हवं. वाळूच्या टेकड्या तिथे नाहीत. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी आणि हिवाळ्यात भेगाळून वाळणारी ही खारट चिखलाची सपाटी, सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरची. त्यात मधूनमधून हातभर उंच जमिनीचे तुकडे, त्यांना ‘बेट’च म्हणतात, आणि गवत-झुडपं असतात ती त्या बेटांवर. घुडखर, म्हणजे रानगाढव, तिथेच चरतं. एकेकाळी ती काही शेकड्यांवर आली होती. २०२४ च्या गणतीत ७,६७२ भरली. नानांना ही आवडतील. गाढव म्हटल्यावर आपण जे धरून चालतो तसं काही नाही त्यांच्यात. पिवळसर तांबूस अंग, पांढरं पोट, आणि पळायला लागली की गाडी मागे पडते. (ड्रायव्हर शर्यत लावायला निघाला तर लगेच थांबवा.) कडेच्या पाणथळीवर रोहित (फ्लेमिंगो), चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी, करकोचे. उघड्या रणात मिठागरांवर अगरिया कुटुंबं आठ-आठ महिने राहून मीठ पिकवतात. त्यांच्या झोपडीशी थांबून चहा जरूर घ्या, पण त्यांच्या पोरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

माझी पहिली चक्कर कशी वाया गेली ते सांगतो, कारण तुमच्या त्या जाहिरातीतही ‘पुशबॅक बस’ असं लिहिलंय. आम्ही बावीस जण होतो. नाव घेत नाही कुणाचं. नाश्ता आटपून रणात पोचलो तेव्हा दहा वाजले होते. हिवाळ्यातही दहानंतर तिथली जमीन तापते आणि दुर्बिणीतून सगळं पाण्यात बुडाल्यासारखं हलायला लागतं, मृगजळ खरोखरच असतं. लांब बसलेला ससाणा आणि ढेकूळ यात फरक कळेना. आमचा वाटाड्या प्रत्येक मोठ्या पक्ष्याला ‘ईगल’ म्हणत होता. त्या दिवसाच्या वहीत माझ्याकडे अकरा पक्षी आहेत. त्यातले सात आपल्या शेताच्या बांधावर दिसतात.

दुसऱ्या खेपेला वाटलं, वाटाड्या कशाला, आपण आपले जाऊ. तेही चुकलं. वाट सोडली आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या पापुद्र्याखाली ओला चिखल निघाला, चाक आसापर्यंत रुतलं. चार तास ऊन खाल्लं.

तिसऱ्या खेपेपासून तिथलाच, गावातला माणूस घेतो. मग पहाटे साडेसहाला निघायचं. (तिथे आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं उशिरा उजाडतं, सव्वासातच्या पुढे सूर्य.) दहा-साडेदहाला मुक्कामी परत. दुपारी जेवून सरळ झोपायचं, लाज वाटू द्यायची नाही. साडेतीनला पुन्हा बाहेर, अंधार पडेपर्यंत.

वाटाडा ठरवताना भाव विचारण्याआधी फोनवर दुसरंच विचारा. गाडीत किती माणसं? चारच्या वर म्हणाला तर सोडा. सकाळी कधी निघणार? ‘तुम्ही म्हणाल तेव्हा’ हे उत्तर ऐकायला गोड लागतं, पण नापास. वनखात्याचा परवाना आणि गाडीचं शुल्क त्याच्या रकमेत धरलंय का? मग सगळ्यात महत्त्वाचं विचारा, ‘हौबारा दिसेल का?’ हा माळढोकाच्याच कुळातला, मध्य आशियातून हिवाळ्याला येणारा लाजाळू पक्षी. चांगला माणूस म्हणतो, ‘बघू, दिसला तर लांबून दाखवीन.’ ‘दाखवतोच’ म्हणणारा त्याच्यामागे गाडी पळवतो. पक्षी बिचारा झुडपाआड दबून बसतो, गाडी फिरून येते, तो उठतो, परत दबतो. दिवसभरात दहा गाड्यांनी हेच केलं तर त्याने खायचं कधी? मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणाराही नकोच.

पण खरं सांगू, माझा जीव अडकलाय तो वेळावदरला. ३४ चौरस किलोमीटरचं एवढंसं राष्ट्रीय उद्यान, काळविटांसाठी १९७६ मध्ये झालेलं. लोक काळवीट बघून चारलाच परत फिरतात. तुम्ही फिरू नका. सूर्य हातभर वर राहिला की नानांना गाडीच्या पुढच्या सीटवर बसवा, इंजिन बंद करायला सांगा आणि पश्चिमेकडच्या गवतावर नजर ठेवा.

आधी एकच भोवत्या येतो. भोवत्या म्हणजे हॅरियर, गवतावरून फिरणारा शिकारी पक्षी. गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतक्या खालून, पंख जरा वर धरून, दोनदा मारून तरंगत. नर राखेच्या रंगाचा, पंखांची टोकं काळी. मादी तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. मग दुसरा. मग चारी दिशांनी. कझाकस्तानकडच्या गवताळ मैदानांतून आलेले हे पक्षी दिवसभर आजूबाजूच्या शेतांत नाकतोडे, उंदीर टिपतात आणि रात्री झाडावर न बसता या गवतात, जमिनीवर, एकमेकांपासून थोडं थोडं अंतर ठेवून झोपतात. एकदम कुणी उतरत नाही. खाली जातो, उठतो, दुसरीकडे बसतो, शेजाऱ्याशी भांडतो. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांतला फरक त्या वेळी वाटाड्यालाच विचारा. माँटेग्यूच्या नराच्या पंखावर एक जास्तीची काळी रेघ असते, ती एकदा दिसली की पुढे चुकत नाही. दलदली भोवत्या जरा थोराड असतो. मागच्या वर्षी एका संध्याकाळी एकशे चाळीसपर्यंत मोजून मी सोडून दिलं. नव्वदच्या दशकात याच गवतात एका संध्याकाळी हजारावर भोवत्ये मोजले गेलेत. कमी का झाले याची उत्तरं बरीच दिली जातात, त्यात कापसावरच्या फवारण्या आहेतच. मी स्वतः कृषी केंद्र चालवतो, म्हणजे नाकतोडे मारायचं औषध विकूनच पोट भरतो. त्यामुळे त्या संध्याकाळी मी कुणाला फारसं भाषण देत नाही. अंधार पडायच्या आत फाटकाबाहेर पडावं लागतं, तेवढं सांभाळा.

नानांची काळजी करू नका. रण सपाट आहे, आपल्या शिवाररस्त्यापेक्षा धक्के कमी बसतात. पण उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा कानात शिरतो. मेमध्ये पंचेचाळीस सोसणारे आपण, दहा अंशांना पार गारठून जातो. स्वेटर दोन, कानटोपी, मफलर आणि गाडीत एक गोधडी ठेवाच. कपडे मातकट रंगाचे. धुळीसाठी रुमाल. गवतात उतरलात तर मोज्यांत कुसळं भरतात, ती काढण्यात अर्धा तास जातो.

आणि नानांना कमी लेखू नका. ज्वारीवर भोरड्या उतरल्या की गोफण घेऊन मचाणावर बसलेली पिढी आहे ती. तिथे भोरड्यांचा थवा दिसला की तेच तुम्हाला आधी सांगतील. तिकडच्या गुराख्यांशीही त्यांच्या गप्पा जमतील. आपल्याकडे गायी घेऊन येणारे काठेवाडी याच मुलखातले. मला दसाड्याजवळ एक म्हातारा भेटला होता, त्याने जामनेर, बोदवड, मुक्ताईनगर अशी गावं क्रमाने म्हणून दाखवली आणि कुठल्या गावात पाण्याला अडवलं होतं तेही.

जायच्या आधी दोन रविवार घरच्या मैदानावर काढा. एक हतनूरच्या बॅकवॉटरला, चांगदेवाच्या बाजूने. बदकं, करकोचे, पाणपक्षी तिथे हिवाळाभर असतात. दुसरा धुळ्याजवळ लामकानीला. गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करून ओसाड डोंगरावर गवत परत आणलंय. चंडोल, तिरचिमणी, गप्पीदास, कापशी घार, माळटिटवी यांची डोळ्यांना सवय करून घ्या. हे माळावरचे नेहमीचे पक्षी ओळखता आले नाहीत तर रणातला निम्मा वेळ ‘हा कोण, तो कोण’ यातच जातो. रणात सकाळी पाणवठ्यावर पखुर्ड्या (कबुतराएवढे, जमिनीवर राहणारे पक्षी) येतात, त्यांचा आवाजही तिथल्या वाटाड्याकडून कानात बसवून घ्या. आधी ऐकू येतात, मग दिसतात.

एक गंमत सांगून थांबतो. वेळावदरच्या माझ्या वाटाड्याने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘कुठून आलात?’ म्हटलं, खान्देश. त्याचे डोळेच चमकले. म्हणाला, ‘शहाद्याच्या जवळ? रानपिंगळा बघितला असेल तुम्ही!’ १८८४ नंतर जगाला न दिसलेला, संपला असंच सगळ्यांनी धरलेला हा घुबडाच्या कुळातला पक्षी १९९७ मध्ये अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना आपल्या शहाद्याजवळच सापडला. तो बघायचा, ही माझ्या वाटाड्याची आयुष्यभराची इच्छा. आणि मी अमळनेरचा असून तोवर तोरणमाळला फक्त सहलीला गेलो होतो, भजी खायला. पुढच्या डिसेंबरात वाटाड्या माझ्याकडे आला, आम्ही दोघं सातपुड्यात तीन दिवस फिरलो आणि तिसऱ्या सकाळी सागाच्या वठलेल्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. भरीत-कळण्याची भाकरी खाऊनच वाटाड्या परत गेला.

दुर्बीण विकत घ्यायची घाई करू नका. दहाबारा पटीच्या मोठ्या दुर्बिणी गाडीत हलतात, आठ पटीची ८×४२ पुरते. माझी जुनी पडून आहे, पाचोऱ्याला दर बुधवारी माल द्यायला येतो, निरोप टाका. पट्टा तुटलाय, नाडी बांधून घ्या.