शेकराचं लिनोकट छापलं की शेपटीचा काळा गोळा का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भीमाशंकरच्या शेकराचं लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, न कोरलेल्या उठावाला शाई लावून घेतलेला छाप) करून ग्रीटिंग कार्डं विकायची आहेत, त्यातले काही पैसे जंगलाच्या कामाला द्यायचे आहेत. पण छापल्यावर शेपूट आणि पाठ नुसती काळी दिसते, दुसरा रंग पहिल्यावर जागेवर बसत नाही, आणि शाई आठवडाभर चिकटच राहते. एकेक घेतो.

शेपटीपासून सुरुवात करू, कारण तिथली चूक कोरण्याआधीच झालेली असते. बहुतेक जण पेन्सिलीने केस काढतात आणि मग त्या रेघा सोडून आजूबाजूचं कोरायला जातात. अर्ध्या मिलिमीटरची रेघ उठावात सोडणं सहज जमत नाही. ती तुटते तरी, नाहीतर हात घाबरून काहीच कोरत नाही आणि गोळा छापला जातो. लिनोत उलटं चालायचं. सगळी शेपूट आधी काळी समजा आणि जिथे उजेड पडतो तेवढेच केस १ मिमीच्या व्ही अवजाराने उचला. प्रत्येक घाव केसाच्या मुळाकडून टोकाकडे घ्या, सुरुवातीला किंचित दाब आणि शेवटी मनगट हलकं सोडून अवजार वर, म्हणजे रेघ आपोआप निमुळती होते. घाव एकसारख्या लांबीचे आणि समांतर झाले तर प्राणी फणी फिरवल्यासारखा दिसतो. तीन-चार घाव एकत्र, मग थोडी मोकळी काळी जागा, मग दोन घाव, असं करा. सावलीच्या बाजूला हात लावूच नका.

आणि चित्र शेकराचंच आहे ना, हे एकदा तपासा. इंटरनेटवरून उचललेल्या संदर्भामुळे पाठीवर शेपूट वळवून बसलेली युरोपातली खार कागदावर उतरते, टोकदार झुपकेदार कानांसकट. शेकराचे कान आखूड आणि गोलसर असतात, शेपूट धडापेक्षा लांब. खाताना ते बऱ्याचदा मागच्या पायांनी फांदी धरून पुढे झुकतं आणि शेपूट दुसऱ्या बाजूला लोंबत तोल सांभाळते. भीमाशंकरकडच्या शेकराची पाठ विटकरी, पोट पांढुरकं आणि शेपटीचं टोक फिकट. केरळकडच्या शेकरात पाठीवर आणि शेपटीवर काळा रंग भरपूर असतो, त्याचा फोटो वापरून खाली ‘भीमाशंकर’ लिहिलं तर जाणकार लगेच हसेल. एकाच फोटोवरून ट्रेस करू नका. फोटो ज्याचा असतो त्याची परवानगी लागते, शिवाय पाच-सहा फोटो समोर ठेवून केलेलं स्वतःचं रेखाटन कोरायलाही सोपं जातं.

चित्र उलटं करण्याची कटकट अशी टाळा. ट्रेसिंग पेपरवर ४बी पेन्सिलीने काढा, कागद पालथा करून लिनोवर ठेवा आणि चमच्याने घासा. लिनोवर उलटं उमटेल, छापल्यावर सुलटं येईल. त्याआधी लिनोवर पाणी घातलेल्या लाल किंवा निळ्या रंगाचा पातळ हात द्या, म्हणजे कोरलेला भाग फिका उठून दिसतो. मार्कर वापरायचा मोह टाळा. काही मार्करचा रंग तेलाच्या शाईत विरघळून फिकट थरात उतरतो.

लिनो खरा घ्या: जवसाचं तेल, लाकडाचा भुसा, कॉर्कची पूड आणि मागे ज्यूटचं कापड, जाडी साधारण ३.२ मिमी. मऊ रबरासारखे किंवा व्हिनिलचे तुकडेही लिनो म्हणूनच विकले जातात. कोरायला ते सोपे, पण बारीक केसांची कड त्यांत तितकी स्वच्छ राहत नाही, आणि व्हिनिल म्हणजे पीव्हीसी. जंगलासाठी काम करायचं आणि कात्रणं प्लास्टिकची, हे मला तरी पटत नाही. थंडीत लिनो कडक होऊन कपचे उडतात, तेव्हा पाच मिनिटं उन्हात किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवा. अवजार दर अर्ध्या तासाने चामड्यावर पॉलिश लावून घासा. बोथट अवजारच घसरतं. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. खोली १ ते दीड मिमी पुरे, ज्यूट दिसलं म्हणजे फार खोल गेलात.

आता रंग. कार्डासाठी लिनोचा १०×१५ सेंमीचा एकच ठोकळा घेऊन रिडक्शन पद्धतीने, म्हणजे तोच ठोकळा फेरीफेरीने आणखी कोरत आणि दर फेरीला पुढचा रंग छापत, तीन थर करा. पहिल्या फेरीत फक्त कागदाचं पांढरं राहणारं कोरा: पार्श्वभूमी, मिशा, डोळ्यातला चमकता ठिपका. मग फिकट बदामी छापा. दुसऱ्या फेरीत पोट, पुढचे पाय आणि शेपटीचं टोक कोरून काढा, विटकरी छापा. तिसऱ्या फेरीत पाठीवरचे उजेडाचे केस काढा आणि गडद तपकिरी छापा. शुद्ध काळ्यापेक्षा तपकिरी बरा, काळ्याने विटकरी मरतो. डोळ्यातला ठिपका निदान १ मिमी हवा, नाहीतर तिसऱ्या थरापर्यंत शाईने बुजतो. ठोकळा कोरून कमी होत जातो, मागे जाता येत नाही, म्हणून २० कार्डं हवी असतील तर पहिला थर २६-२७ कागदांवर छापा. काही वाया जाणारच.

रंग सरकतो त्याचं कारण बहुधा तुमचा कागद. हातकागद असेल तर त्याच्या कडा ओबडधोबड असतात, त्या टेकवून जागा नेमकी मिळत नाही. लगतच्या दोन कडा सरळ कापून घ्या. जाड पुठ्ठ्यावर ठोकळ्यासाठी ३ मिमी जाडीच्या पट्ट्यांचा काटकोन चिकटवा आणि त्याच्या बाहेर कागदासाठी दुसरा. प्रत्येक थराला तोच कोपरा, तोच काटकोन. एकरंगी छाप ओलसर कागदावर सुंदर येते, पण बहुरंगीत कागद कोरडाच ठेवा. भिजलेला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि दोन मिलिमीटरचा घोळ तिथेच होतो. कागद १२० ते १८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), गुळगुळीत बाजूने.

शाईचा थर तुमचा जाड होतोय, असं लक्षणांवरून वाटतं. काचेवर रोलर फिरवताना बारीक ‘सर्र’ आवाज यायला हवा. चिकट चपचप आवाज आला किंवा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसला तर शाई जास्त आहे, ती केसांच्या खाचांत शिरणार. पातळ थर, चार-पाच वेळा, दिशा बदलत. उलट छाप मीठ भुरभुरल्यासारखी आली तर शाई किंवा दाब कमी आहे. पहिल्या दोन-तीन छापा फिक्या येतातच, कारण कोरा लिनो शाई पितो. कागदावर बेकिंग पेपर ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडांकडे घासा, मग एक कोपरा उचलून बघा, बाकीचा हाताने दाबून.

तेलाची शाई पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. म्हणून पावसाळ्यात, बंद कपाटात आणि जाड थरात ती रेंगाळते. पंख्याची हवा लागेल असे कागद दोरीवर चिमट्याने लावा, ऊन नको. काजळीचा काळा सावकाश वाळतो, अंबरसारखे मातीचे तपकिरी लवकर. शाई लवकर वाळवणारा कोबाल्ट ड्रायर घालायचाच तर शाईच्या २-३ टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि हातमोजे घाला. जास्त झाला की वर चकचकीत साय धरते आणि पुढचा थर तिच्यावरून घसरतो. छापखान्यातली ऑफसेटची शाई वापरत असाल आणि ती सैल वाटली तर मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळून घट्ट करा. पाण्याची शाई उन्हाळ्यात काचेवरच वाळते, मुलांच्या कार्यशाळेला ठीक.

विक्रीबद्दल दोनच गोष्टी. हाताने छापलेल्यावर पेन्सिलीने ३/२० असा क्रमांक आणि सही करा, पण त्याच चित्राच्या डिजिटल प्रती काढल्या तर त्यांना मूळ छाप म्हणू नका. कार्डामागे ‘उत्पन्नातील काही भाग’ असं मोघम न लिहिता प्रत्येक कार्डामागे किती रुपये आणि कोणाला, ते छापा. घरट्याचं नेमकं ठिकाण मात्र कार्डावर किंवा पोस्टमध्ये कधीच नको.

साफसफाईला रॉकेल लागत नाही. आधी उरलेली शाई वर्तमानपत्राने पुसा, मग उरलेलं खाण्याचं तेल चिंधीवर घेऊन ठोकळा, रोलर आणि काच पुसा, शेवटी भांड्याचा साबण. शाईतल्या जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या चुरगाळून ढिगात टाकू नका, त्या स्वतःच तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, एकेक सुटी पसरून वाळवा आणि मगच कचऱ्यात टाका.