बाबांचे रिपोर्ट वाचल्यावर

नागपूर,
फेब्रुवारीअखेर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज आणि रिपोर्टांचे फोटो मिळाले. फोनच केला असता, पण फोनवर तुझा गळा दाटतो आणि मग मीही काहीतरी घाईघाईत बोलून मोकळी होते. म्हणून लिहिते आहे. निवांत वाच, मग दादाला आणि आईलाही दाखव.

आधी एक सांगून ठेवते. मी डॉक्टर नाही, मेडिसिन वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी केली. औषध कोणतं, किती, किती दिवस हे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसशील तेव्हा काय विचारायचं ते तुला कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तू विचारलंस, लिव्हर कडक होऊन बाबांना सिरॉसिस झालाच आहे तर हेपेटायटिस सी विषाणूवरचं औषध आता देऊन उपयोग काय, आणि त्यानं बाबांचं उलट बिघडलं तर? काकांनी तर निकालच देऊन टाकला म्हणे, "लिव्हर गेलं, आता कशाला छळता त्याला." काकांवर चिडू नकोस. त्यांनी जे पाहिलं असेल ते खरंच असेल. याच विषाणूवर इंटरफेरॉनची इंजेक्शनं चालायची त्या काळात लोक सहा महिने, वर्षभर ताप, अंगदुखी आणि उदासपणा सोसत. रक्तातल्या पेशी घसरायच्या. सिरॉसिसवाल्यांना गुण कमी यायचा आणि पोटात पाणी झालेल्यांना तर ते इंजेक्शन द्यायलाच डॉक्टर धजत नसत. तेव्हा "राहू द्या" म्हणणं शहाणपणाचंच होतं. पण सोफोसबुवीर नावाचं गोळीचं औषध २०१३ च्या शेवटी अमेरिकेत आलं, २०१५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या इथे मिळायला लागल्या, आणि २८ जुलै २०१८ ला सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. आता दिवसाला एक-दोन गोळ्या, बहुतेकांना १२ आठवडे. डोकं दुखतं, थकवा येतो, थोडं मळमळतं. काकांचा अनुभव या औषधाला लागू होत नाही.

आणि सिरॉसिस आहे म्हणून औषध नको, हे तर उलटंच झालं. ज्याचं लिव्हर अजून चांगलं आहे तो एक वेळ दोन महिने थांबला तरी चालतं. तुझ्या बाबांसारख्यांना थांबायला जागा कमी असते. विषाणू रोज लिव्हर खरवडून राहिला आहे. तो थांबला की पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, लिव्हरचा कॅन्सर या सगळ्यांचा धोका खाली येतो. शून्य होत नाही, पण बराच खाली येतो. काहींचं लिव्हर पुढच्या काही वर्षांत थोडं मऊही पडतं.

मात्र तुझ्या मेसेजमधल्या एका वाक्यावर मी अडले. तू लिहिलंस, "मावशी, पाणी वगैरे काही नाही, सोनोग्राफी क्लिअर आहे." पोरी, दिवाळीत त्यांच्या पायावर सूज होती, पोटात पाणी निघालं होतं आणि तेव्हापासून ते लघवीची गोळी घेत आहेत ना? मग पाणी नाही असं नसतं, गोळीनं ते आवरून धरलं आहे. डॉक्टर लोक चाइल्ड-प्यू नावाचा हिशेब करतात: बिलिरुबिन (काविळीचा आकडा), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा), पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम, प्रत्येकाला १ ते ३ गुण. बाबांचं बिलिरुबिन १.६, त्याचा १. अल्ब्युमिन ३.२, त्याचे २. आयएनआर १.४, त्याचा १. बोलणं-वागणं ठीक, त्याचा १. पाण्याचा तू १ धरलास म्हणून तुला सहा गुण आले, म्हणजे 'ए' वर्ग. पण औषधानं आवरलेल्या पाण्याचे २ धरतात. बेरीज ७, वर्ग 'बी'. वरून धडधाकट दिसणारा माणूस त्या एका गुणानं दुसऱ्या बाजूला जातो, आणि औषध त्यावरच बदलतं.

शेजारच्या काकूंना सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीरनं गुण आला म्हणून तीच चिठ्ठी घेऊन मेडिकल स्टोअरवर जायचं नाही ते याचसाठी. त्यांना सिरॉसिस नव्हता. सरकारी कार्यक्रमात सिरॉसिस असला पण लिव्हर अजून तोलून धरत असलं, तर सोफोसबुवीर-वेलपाटासवीर १२ आठवडे देतात. लिव्हरचा तोल एकदा गेलेला असेल, म्हणजे पाणी, रक्ताची उलटी किंवा भ्रम होऊन गेला असेल, तर त्याच गोळीसोबत रायबाविरिन जोडतात. रायबाविरिन झेपत नसेल तर नुसती गोळी २४ आठवडे. नावाच्या शेवटी 'प्रेविर' असलेली औषधं, उदाहरणार्थ ग्लेकाप्रेविर, अशा लिव्हरला द्यायची नसतात. चिठ्ठीत असं नाव दिसलं तर तिथेच विचार.

रायबाविरिनवर जरा थांबते, कारण आपण विदर्भातले आणि आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यानं तांबड्या पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन उतरतं. बाबांचं आधीच १०.२ आहे. तुझ्या आत्याच्या मुलाला सिकलसेल आहे हे मला ठाऊक आहे, पण डॉक्टरांना कोण सांगणार? तूच सांग, विचारलं नाही तरी सांग. सिकलसेलच्या रुग्णाला हे औषध देत नाहीत. बाबा नुसते वाहक असतील तर गोष्ट वेगळी, पण त्यांची तपासणी कधी झालीच नसेल तर आता करून घ्या. निकाल पाहून डॉक्टर ठरवतील, रायबाविरिन कमी मात्रेनं सुरू करायचं की २४ आठवड्यांचा रस्ता धरायचा. मला विचारशील तर १०.२ वर मी २४ आठवड्यांकडे झुकले असते. पण रोज त्यांचे रिपोर्ट मी बघणार नाही, म्हणून माझं मत इथंच राहू दे.

औषध मागे ठेवावं अशा वेळाही असतात, आणि त्या तुला माहीत हव्यात. प्रत्यारोपण जवळ आलेलं असेल तेव्हा. त्यासाठी दुसरा हिशेब आहे, मेल्ड. त्यात बिलिरुबिन, आयएनआर आणि किडनीचं क्रिएटिनिन असतं. तो १८-२० च्या वर गेला आणि नवं लिव्हर सहा महिन्यांत मिळण्यासारखं असलं, तर आधी प्रत्यारोपण आणि मग गोळ्या, असा सल्ला बहुतेक देतात. कारण अशा वेळी विषाणू गेला तरी लिव्हर सावरत नाही, आकडा मात्र थोडा सुधारतो आणि माणूस यादीत मागे पडून दोन्हींच्या मधे अडकतो. नव्या लिव्हरमध्ये विषाणू पुन्हा शिरतो, पण तिथेही याच गोळ्या चालतात. बाबांचं क्रिएटिनिन ०.९ आहे, म्हणजे मेल्ड १२ च्या आसपास. ते त्या रांगेत नाहीत. लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ सापडली तर बहुधा आधी गाठीचं बघतात. आणि दुसऱ्याच आजारानं आयुष्य महिन्यांवर आलं असेल तर उगाच गोळ्या मोजत बसू नये. यातलं बाबांना काहीच लागू नाही, म्हणून मी म्हणते, घ्यावं. लवकर घ्यावं.

ताईच्या लग्नानंतर बघू, असं आई म्हणत आहे. लग्न मे महिन्यात. नको. तोवर तीन महिने जातील, आणि नागपूरचा मे म्हणजे लघवीची गोळी घेणाऱ्या माणसासाठी सगळ्यात वाईट महिना. त्या उन्हात जुलाब-उलट्या लागल्या की पाणी सुकतं, किडनी आणि मेंदू दोन्हींवर येतं. आता सुरू केलं तर निदान लग्नापर्यंत डॉक्टर त्यांना ओळखत असतील आणि रक्त तपासणीची सवय झालेली असेल. पत्रिका वाटायला बाबांना उन्हात पाठवू नका, दादाला सांग. लघवीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, फोन करून विचारा.

सुरू करण्याआधी चार गोष्टी झाल्याच पाहिजेत. हेपेटायटिस बीची तपासणी, कारण सी विषाणू गेला की दबलेला बी उसळू शकतो आणि लिव्हर कोसळू शकतं. ताजी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ताची तपासणी, कॅन्सरच्या गाठीसाठी. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी, कारण प्लेटलेट कमी, ८२,००० आहेत आणि मला त्याचा जीवाला घोर आहे. आणि बाबा घेतात त्या सगळ्या औषधांची एका कागदावर यादी. सगळ्या म्हणजे सगळ्या. रिकाम्या पोटी घेतात ती ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल वेलपाटासवीर अंगी लागू देत नाही. फिट्सच्या काही गोळ्या आणि टीबीचं रिफाम्पिसिनही नडतं. हृदयाचं ॲमिओडॅरोन चालू असताना सोफोसबुवीर दिलं तर नाडी धोकादायक मंद होऊ शकते. इतवारीतून आणलेली ती काढ्याची बाटलीही यादीत लिही. गुळवेलीनं लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी छापल्या आहेत. खरं तर यादीत लिहून झालं की ती बाटली फेकूनच दे. गुडघा दुखला की दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलेली ती लाल गोळी घेतात ना, तीही बंद. दुखलंच तर पॅरासिटामॉल, दिवसाला २ ग्रॅमच्या आत.

कुठे जायचं? धंतोली-रामदासपेठेत गॅस्ट्रोचे डॉक्टर भरपूर आहेत, एकदा दाखवून मत घ्यायला हरकत नाही. पण मोफत गोळ्यांसाठी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मेडिसिन ओपीडीत जाऊन सरकारच्या त्या कावीळ कार्यक्रमाचं केंद्र कुठे बसतं ते विचार. लिव्हरचा तोल गेलेले रुग्ण त्यांच्या मॉडेल केंद्रात बघायचे असतात, तर चिठ्ठी तशीच लिहून घे. सकाळी लवकर जा, जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून ने. डॉक्टरांना वेळ नसतो, तुझी फाइल नीट असेल तर मिळाला तेवढा वेळ बाबांच्या कामी येईल.

गोळ्या चालू असताना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त तपासतील. अशा लिव्हरचे काही रुग्ण उपचारातच ढासळतात, हे मी झाकून ठेवणार नाही. काळी शौच, रक्ताची उलटी, पोटदुखीसोबत ताप, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत. रात्री जागून दिवसा झोपायला लागले तर लक्ष दे. बाबा खतावणी अजून हातानं लिहितात ना? आठवड्याचं एक पान बघत जा. अक्षर वाकडं व्हायला लागलं, बेरजा चुकल्या, तर डॉक्टरांना दाखव. मेंदूवर परिणाम व्हायला लागला की माणूस बोलताना नीट वाटतो, पण लिहिताना पकडला जातो.

खाण्याचं थोडक्यात. मीठ कमी, म्हणजे लोणचं-पापड आणि सावजीचा रस्सा बंद. वरण, अंडी, दूध बंद करू नका, लोक पथ्याच्या नावाखाली तेच आधी तोडतात आणि माणूस वाळत जातो. झोपण्याआधी काहीतरी खाऊन झोपू दे. दारू थेंबभरही नाही, लग्नातही नाही. आणि ताटं वेगळी करू नका, सोबत जेवल्यानं हे पसरत नाही. वस्तरा आणि ब्रश तेवढा वेगळा. आईची मात्र एकदा तपासणी करून घे. हे बाबांना कुठून आलं याचा शोध घेत बसू नकोस. २००१ आधी दात्याच्या रक्ताची सीसाठी सक्तीची तपासणीच नव्हती, आणि त्यांच्या अपघातानंतर रक्त चढवलं होतं ते त्याआधीचं.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी, म्हणजे रक्तात विषाणू आहे का याची तपासणी होईल. त्यात विषाणू नसला तर गेला. नुसती अँटिबॉडी पुढेही पॉझिटिव्हच येत राहील, कुणी लॅबवाल्यानं घाबरवलं तर घाबरू नका. पण त्या दिवशी पेढे वाटून फाइल कपाटात टाकू नका. सिरॉसिस तिथेच असतो. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी पुढेही चालू ठेवायची, विषाणू गेला तरी. या औषधानंच कॅन्सर वाढतो अशी शंका २०१६ च्या सुमारास निघाली होती, पुढच्या मोठ्या अभ्यासांत ती टिकली नाही. कुणी ते व्हॉट्सॲपवर पाठवलं तर मला पाठवू नकोस.

बाबांना हे सगळं तूच सांग, काकांना सांगू देऊ नकोस. आणि सांगताना "तुम्हाला बरं करू" असं म्हणू नकोस. विषाणू घालवू, लिव्हर आहे तेवढं जपू, एवढंच म्हण. त्यांनी आयुष्यभर उधारीचे हिशेब केले आहेत, त्यांना खरा आकडा चालतो.

सोमवारी मेडिकलला जाणार असशील तर आदल्या रात्री यादीचा फोटो पाठव, मी एकदा नजर घालते. एंडोस्कोपीची तारीख मिळाली की तीही कळव.

तुझी,
मावशी