संत्रा, बर्डी आणि सांभार : प्रश्नपत्रिका छापण्याआधी

ताई, तुमची यादी वाचली. गणपतीतल्या प्रश्नमंजूषेसाठी सोसायटीतल्या पोट्ट्यांनी मोबाइलवरून पाच ‘माहीत आहे का?’ गोळा केलेत, आणि त्यांतलं खरं किती हे तुम्हाला हवंय. बाकीच्यांसाठी ती पाच विधानं इथे देतो. संत्रा हे नाव पोर्तुगालच्या सिंट्रा गावावरून आलं. सांबार हे संभाजी महाराजांवरून. नागपुरातल्या सीताबर्डी या वस्तीचं, म्हणजे आपल्या बर्डीचं, नाव शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांवरून. नागपूर बख्त बुलंद शाहनं १७०२ साली वसवलं आणि नाग नदीवरून त्याला नाव दिलं. आणि पगार, चावी, बादली हे शब्द पोर्तुगीज आहेत.

शेवटचं आधी उरकतो. ते बरोबर आहे, बिनधास्त विचारा. घमेलं, पाव, काजू, कोबी हेही घाला. बटाटाही चालेल, पण तो आपल्या नागपुरात जरा जपून. आपण आलू म्हणतो, वड्यालासुद्धा आलूबोंडा म्हणतो. हा आलू संस्कृतातल्या ‘आलुक’ नावाच्या कंदाचा वारस, पोर्तुगिजांशी त्याची सोयरीक नाही. प्रश्नात ‘बटाटा’ हा शब्द स्पष्ट लिहिला नाही तर हरकत घेणारा एक तरी निघेलच.

आता संत्रा. यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. वीसेक वर्षं झाली असतील, एका कॉलेजात प्रश्नमंजूषा घेत होतो. कार्डावर प्रश्न हाच, आणि उत्तर ‘सिंट्रा’. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, बाबरनं ‘संगतरा’ लिहून ठेवलंय. त्याच्याकडे तो शब्द कुठून आला?” मी आपला ठरलेला मंत्र म्हटला : कार्डावरचं उत्तर अंतिम. टाळ्या पडल्या, ती खाली बसली. घरी जाऊन पाहिलं तर मुलगी बरोबर होती.

गोष्ट अशी. सिंट्राची व्युत्पत्ती काही मोबाइलवर जन्मलेली नाही. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या प्रसिद्ध कोशात ती आहे. पण तिथे शब्द वापरलाय ‘बहुधा’. आणि त्याच नोंदीखाली बाबराचा उताराही दिलाय. आपल्याकडे येताना ‘बहुधा’ गळून पडला आणि सिंट्रा तेवढं उरलं. आता तारखा मांडून बघा. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली. गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेलं १५१० साली. बाबर पानिपत जिंकतो १५२६ मध्ये आणि १५३० मध्ये मरतो. तेवढ्यात त्यानं हिंदुस्थानातल्या फळांची यादी केलीय आणि तीत संगतरा आहे. म्हणजे किनाऱ्यावर नुकत्या उतरलेल्या लोकांच्या एका गावाचं नाव पंधरा-वीस वर्षांत आग्र्यापर्यंत पोहोचायचं, तिथल्या बागवानांच्या तोंडी बसायचं, आणि वर फारसी वळणाचं व्हायचं. अशक्य म्हणत नाही. पण मी यावर दहा गुण लावणार नाही.

खरी मजा याच्या उलट बाजूला आहे. तुर्कीत मोसंबी-संत्र्याच्या जातीच्या गोड फळाला ‘पोर्ताकाल’ म्हणतात, अरबीत ‘बुर्तुकाल’, ग्रीकमध्ये ‘पोर्तोकाली’, इराणात ‘पोर्तेकाल’. हे सगळे शब्द सरळ पोर्तुगालवरून आलेत, कारण आशियातलं गोड फळ पोर्तुगिजांनी तिकडे नेलं आणि विकलं. आणि इंग्रजी ‘ऑरेंज’ मूळचा आपल्या नारंगाचा. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांखा. पुढे इटली-फ्रान्सकडे सरकताना पुढचा ‘न’ त्याच्या आधी येणाऱ्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दाला चिकटला आणि फळ बोडकं झालं. म्हणजे फळाचं एक नाव पूर्वेकडून पश्चिमेला गेलं आणि दुसरं पश्चिमेचा शिक्का घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत आलं. विचारायचंच असेल तर हे विचारा. आपल्या गावाला ऑरेंज सिटी म्हणतात, त्यातलं ‘ऑरेंज’ आपलंच आहे हे किती जणांना ठाऊक असेल?

(जाता जाता : उत्तरपत्रिकेत ‘संत्रे’ छापलं तर नागपुरात भांडण होईल. तो संत्रा, ते संत्रे. पुण्यात ते संत्रं, ती संत्री. दोघंही आपापल्या जागी शुद्ध.)

नागपूरचं विधान अर्धं खरं आहे. देवगडचा (कोकणातलं नव्हे, छिंदवाड्याकडचं) गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं इथल्या बारा वाड्या जोडून शहर उभं केलं, हे पक्कं. त्या वाड्यांना ‘राजापूर बारसा’ म्हणत. त्याचा मुलगा चांद सुलतान यानं राजधानी देवगडहून इथे आणली आणि तट बांधला. पण नाव? वर्धा जिल्ह्यातल्या देवळी इथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट सापडलाय, शके ८६२ चा, म्हणजे इ.स. ९४० चा. त्यात या मुलखाचा उल्लेख ‘नागपूर-नंदिवर्धन’ असा येतो. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. शहर वसण्याआधी साडेसातशे वर्षं नाव हजर होतं. बख्त बुलंद शाहला वसवण्याचं सगळं श्रेय द्या, नाव ठेवण्याचं नको. प्रश्नातलं दुसरं वाक्य खोडलं की काम झालं.

बर्डीवर थोडं थांबावं लागेल, कारण इथे बरेच जण माझ्यावर रागावतात. शीतलाप्रसाद-बद्रीप्रसादची गोष्ट लहानपणी मीही ऐकलीय. दोघांची नावं जोडून ‘शीतलाबद्री’, मग इंग्रजांच्या तोंडी ‘सीताबल्डी’, मग आपली सीताबर्डी. ऐकायला झकास. पण मला नेहमी वाटतं, यात इंग्रजांवर फार भार टाकलाय. आपला नेहमीचा शब्द काय आहे? कोणी सीताबर्डी म्हणतच नाही. ऑटोवाला “बर्डी, बर्डी” ओरडतो. आई म्हणायची, “बर्डीवर चाललीच आहेस तर लोकर आण.” बर्डी‘वर’, बर्डी‘त’ नाही. महालात जातो, इतवारीत जातो, पण जातो बर्डीवर.

आणि बरड-बर्डी हा साधा मराठी शब्द आहे. शेतकऱ्याला विचारा. इकडे जुन्या जमाबंदीत जमिनीची प्रतवारी लावायचे ती अशी : काळी, मोरंड, खरडी, बरडी. काळी सगळ्यांत कसदार, बरडी सगळ्यांत हलकी. उंचवट्यावरची, मुरमाड, गोट्यांची. फलटणजवळ बरड नावाचं गावच आहे, माउलींची पालखी पंढरपूरला जाताना तिथे मुक्काम करते. तिथे कोणी बद्रीप्रसाद नव्हता. आणि आपली बर्डी म्हणजे काय, तर टेकडीच. नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि कंपनीची फौज यांची लढाई झाली ती याच टेकड्यांसाठी, किल्ला अजून वर उभा आहे.

मग सीता कुठून आली? आता बघा, मी तुमच्यासमोर एक व्युत्पत्ती तयार करून दाखवतो. संस्कृतात ‘सीता’ म्हणजे नांगराचं तास. जनक राजा यज्ञासाठी जमीन नांगरत होता, फाळ लागून तासातून मुलगी निघाली, म्हणून तिचं नाव सीता. तेव्हा सीताबर्डी म्हणजे ‘नांगरटीखाली आणलेली बरड जमीन’! संस्कृत आलं, रामायण आलं, शेती आली. हे मी आत्ता चहा पिता पिता जुळवलंय आणि त्याला काडीचा पुरावा नाही. पण चित्र लावून सकाळी पाठवून दिलं तर संध्याकाळपर्यंत तुमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर परत येईल. म्हणून माझा आडाखा असा : गोष्ट जितकी घोटीव, तितकं आधी साल विचारायचं आणि मग शेजारच्या गावात तोच शब्द आहे का ते बघायचं. बर्डीपुरतं मी बरडीच्या बाजूनं आहे. सीतेच्या बाबतीत गप्प बसतो.

आता सांबार. हे विधान तर छापूच नका, आणि महाराजांच्या नावाशी जोडलेलं आहे म्हणून तर अजिबात नको. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे : तंजावरच्या शहाजीराजांनी (शिवाजी महाराजांचे वडील नव्हेत, पुतणे) आमसूल संपलं म्हणून आमटीत चिंच घातली, पाहुणे आले होते संभाजी महाराज, त्यांच्या सन्मानार्थ नाव पडलं सांबार. तंजावरचे हे शहाजीराजे १६८४ साली गादीवर आले. संभाजी महाराजांचा वध झाला मार्च १६८९ मध्ये. म्हणजे मेजवानीला जागा उरते ती पाच वर्षांची, आणि तीही औरंगजेब लाखाची फौज घेऊन दक्खनेत उतरलेला असताना. तेही सोडा. १५३० च्या एका तमिळ शिलालेखात ‘संबारम’ हा शब्द स्वयंपाकाच्या संदर्भातच आलाय. शिवाजी महाराजांचा जन्म त्यानंतर शंभर वर्षांनी. संपलं.

तर मग शब्द आहे कुठला? ‘संभार’. संस्कृतात संभार म्हणजे गोळा केलेली सामग्री. यज्ञाला लागणारी जमवाजमव तो यज्ञसंभार. मराठीत एका ठिकाणी तो जसाच्या तसा उरलाय : केशसंभार. स्वयंपाकघरात शिरल्यावर सामग्री म्हणजे मसाला, फोडणीचं सामान. आणि तिथून ज्या त्या गावानं आपापल्या जिभेप्रमाणे तो उचलला. तमिळनाडूत मसाल्याचं वरण झालं. केरळात ‘संभारम’ मागितलं तर आलं-मिरची घातलेलं ताक येतं. गुजरातेत फाफड्यासोबत ‘संभारो’ येतो, तो कोबी-गाजराचा, नुसता परतलेला. पारशांकडे ‘सांभार’ हा मसालाच आहे.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर.

माझा पुण्याचा भाचा पहिल्यांदा राहायला आला तेव्हा बायकोनं त्याला पिशवी देऊन पाठवलं : “दहाचा सांभार आण.” तो तासाभरानं आला. हातात उडप्याकडून बांधून आणलेली पिवळी पिशवी, रबर लावलेली, आत शेवग्याची शेंग तरंगतेय. म्हणे, “मामी, नुसतं सांबार द्यायलाच तयार नव्हता, इडली घ्या म्हणत होता. दहात तर नाहीच दिलं.” घरात आम्ही पाणीही पिऊ शकत नव्हतो, इतके हसलो. दुसऱ्या दिवशी मी त्याला कॉटन मार्केटला नेलं. ओल्या गोणपाटावर हिरव्या जुड्यांचा ढीग, मुळांना माती तशीच, बाई वरून पाणी शिंपडत बसलेली आणि एका सुरात “सांभार घ्या सांभार”. पोरगा बघतच राहिला.

हिवाळ्यात तो स्वस्त झाला की घरोघरी सांभारवडी होते. बाहेरून बेसन-मैद्याची पारी, तिला आतून चिंच-मसाल्याचा हात, आत चिरलेला सांभार, खसखस, तीळ, खोबरं. सोबत कढी. ती एकदा खाल्ली की त्या पाल्याला सांभार का म्हणतात हे कोशात बघावं लागत नाही. मसाल्याच्या अख्ख्या जमवाजमवीत शेवटी ज्याच्यावाचून अडतं, त्यालाच सगळ्या जमावाचं नाव मिळालं.

मोठ्या अर्थाचा शब्द असा एका वस्तूपुरता आकसतो, यात नवल नाही. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे आधी कुठलंही रानातलं जनावर. म्हणून शिकार ती मृगया, आणि सिंह तो मृगेंद्र. पुढे मृग म्हणजे फक्त हरीण राहिलं. ते आकाशातही गेलं : हरणाचं रूप घेऊन रोहिणीमागे धावणारा प्रजापती, त्याच्या अंगात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागे व्याध. ऐतरेय ब्राह्मणात आहे ही कथा. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी सूर्य त्या नक्षत्रात जातो, पाऊस येतो, आणि काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या झाडांना फूल धरतं. त्याला म्हणायचं मृग बहार. एका शब्दात शिकार, तारे आणि बाजारभाव. तुमच्या मोठ्या गटाला हा धागा देऊन बघा, जुळवायला मजा येईल.

तेव्हा पाचातलं एक ठेवा, एक अर्धं कापा, सिंट्रा आणि दोन भाऊ बाजूला काढा. सांबारच्या जागी हा प्रश्न घाला : ‘केरळात ताक, तमिळनाडूत वरण, गुजरातेत परतलेला कोबी, आणि नागपुरात? शब्द सांगा, वस्तूही सांगा.’ बझर कोणी दाबणार नाही, मागे बसलेल्या आज्या आधीच ओरडतील. गुण कोणाला द्यायचे ते तेवढं आधी ठरवून ठेवा.