आधी वॅन आयपी बघा, मग वर्षाचे पैसे भरा

घरी नॅस (नेटवर्कवरचा फाइल साठवायचा डबा) आणि होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायचंय, बाहेर असताना व्हीपीएनने (सुरक्षित खासगी जोडणीने) घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचंय, आणि पुण्यात मोठ्या कंपनीचं २०० एमबीपीएस घ्यावं की गल्लीतल्या केबलवाल्याचं १५०, हा तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी चीड वर आली. राउटर, वाय-फाय वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो.

तुमच्या कामाला २०० आणि १५० मध्ये काडीचा फरक नाही. तुमच्या राउटरच्या वॅनवर (इंटरनेटच्या बाजूला) पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता, येतो का, एवढंच आधी विचारा. आपल्या आशिया-पॅसिफिक भागातला आयपीव्ही४ चा (जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचा) साठा एप्रिल २०११ मध्येच आटला. तेव्हापासून बरेच प्रोव्हायडर अनेक गिऱ्हाइकं एकाच पत्त्यामागे कोंबतात, म्हणजे सीजीनॅट. राउटरच्या वॅन पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तुम्ही त्यात आहात. काही जण १० ने सुरू होणारे पत्तेही देतात. अशा लाइनवर राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरून आलेलं आतल्या यंत्राकडे वळवा), बाहेरचं पॅकेट तुमच्यापर्यंत येतच नाही.

यावर सेल्सचा माणूस स्टॅटिक, म्हणजे कायम तोच राहणारा आयपी, पुढे करतो: "सर, स्टॅटिक घ्या ना, मिळेल." त्या तोंडी शब्दावर बारा महिन्यांचे पैसे, वर स्टॅटिकचे वेगळे, १८ टक्के जीएसटीसकट एकरकमी भरले, ही माझी घोडचूक. कंपनीचं नाव घेत नाही. स्टॅटिक आयपी खरंच मिळाला, पण तो त्यांच्या ओएनटीवर (घरात फायबर जिथे लागते तो डबा). ओएनटीचं अॅडमिन लॉगिन बंद, पोर्ट फॉरवर्डिंगचं पान लपवलेलं आणि मागच्या माझ्या राउटरला १९२.१६८ चा पत्ता. म्हणजे डबल नॅट (एकामागे एक दोनदा पत्ता बदलणं), आणि मधला दरवाजा त्यांच्या ताब्यात! ब्रिज मोड (ओएनटीने सगळं जसंच्या तसं माझ्या राउटरकडे सोडायचं) मागितला की कस्टमर केअर स्पीड टेस्ट करायला लावणार, "आमच्याकडून स्पीड बरोबर येतोय" म्हणणार आणि तक्रार बंद करणार. बंद झाल्याचा मेसेज मात्र दोन मिनिटांत.

म्हणून पैसे देण्याआधी ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: ओएनटी ब्रिज मोडमध्ये देणार, पीपीपीओईचं (राउटरने लाइनवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (राउटरमध्ये भरायचा लाइनचा क्रमांक) देणार, स्टॅटिक आयपी माझ्या राउटरवर येणार. हे जोडणीच्या दिवशीच करून घ्या. तेव्हा टेक्निशियन घरात असतो आणि त्याच्या फोनवर बॅकएंडचा माणूस असतो. तो जिना उतरला की संपलं. तुमचा राउटर लावल्यावर लॉगिन होत नसेल तर बहुतेक जुन्या डब्याचा मॅक (उपकरणाचा ओळख क्रमांक) बांधलेला असतो. रिसेट करायला सांगा किंवा मॅक क्लोन करा, म्हणजे जुनाच मॅक नव्या राउटरला द्या.

पीपीपीओईवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ ठेवा. पॅकेटचे तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४६४ बाइटचा पिंग मारा. तो जायला हवा (वरचे २८ बाइट हेडरचे). तो अडकला, छोटी पानं उघडतात पण मोठी फाइल किंवा व्हीपीएन लटकतं, तर राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटचा आकार आटोक्यात ठेवणारी सोय) चालू करा. आणि पोर्ट उघडला का हे घरच्या वाय-फायवरून तपासू नका. मोबाइल डेटावरून तपासा, नाहीतर हेअरपिन नॅटमुळे (घरातूनच घरच्या बाहेरच्या पत्त्यावर जाऊन परत आत येणं) उलटंसुलटं दिसतं.

माझं मत विचाराल तर केबलवाला. अपलोड अनेकदा डाउनलोडइतकाच देतो आणि फोन उचलतो. पण त्याला एक विचारा: फायबर थेट घरात येते, की गच्चीवरच्या स्विचमधून लॅनची वायर? स्विच असेल तर गुरुवारी महावितरणची लाइट गेली की तुमचा इन्व्हर्टर काही कामाचा नाही. थेट फायबर असेल (जीपॉन) तर मधल्या स्प्लिटरला, म्हणजे फायबर वाटून देणाऱ्या डबीला, वीज लागत नाही. ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल पॉवरही (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा. उणे २७ डीबीएमच्या जवळ असेल तर लाइन पावसाळ्यात त्रास देणार. उणे २० च्या आसपास उत्तम. फायबरचा हिरवा कनेक्टर निळ्यात खुपसलेला असेल तर आधी तो बदलायला लावा.

"अनलिमिटेड"वाल्या प्लॅनची एफयूपी (वेग कमी करण्याआधीची डेटा मर्यादा) बरेचदा ३३०० जीबी असते. १०० एमबीपीएसने सलग ओढलं तर साधारण ७३ तासांत संपते, आणि बहुतेक ठिकाणी अपलोडही त्यातच धरतात. नॅसचा पहिला क्लाउड बॅकअप जपून करा.

पब्लिक आयपी कुणीच देत नसेल तर मुंबईतला एक स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्या आणि घरून त्याला वायरगार्ड या व्हीपीएनने जोडा. कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारं पॅकेट) दर २५ सेकंदांनी, पीपीपीओईवर वायरगार्डचा एमटीयू १४१२. आणि पब्लिक आयपी मिळाला तरी नॅसचं लॉगिन पान थेट इंटरनेटवर उघडू नका. वायरगार्डचा एक यूडीपी पोर्ट पुरतो.

हे सगळं पुण्यातल्या माझ्या भागापुरतं. एकाच कंपनीचा दोन पेठांतला कारभार वेगळा असतो, त्यामुळे आधी एक महिन्याचाच प्लॅन घ्या, इन्स्टॉलेशनचे पैसे जादा गेले तरी चालतील. जोडणी झाली की वॅन पानावरचे पहिले दोन आकडे इथे टाका, पूर्ण आयपी नको.