वाचक विचारतात: नोकरी ऐरोलीत, घर खारघरला, मग बाईकचं काय?

प्रश्न : ताई, माझं वय ३१. घोडबंदर रोडला कासारवडवलीत आम्ही दोघं भाड्याने राहतो. पुढच्या महिन्यात ऐरोलीतल्या एका कंपनीत रुजू होतेय. सहा महिने प्रोबेशन आहे आणि शिफ्ट कुठली मिळणार हे अजून सांगितलेलं नाही. नवऱ्याचं ऑफिस बेलापूरला, म्हणून दिवाळीच्या आत खारघरला बिऱ्हाड हलवायचं घाटतंय. माझ्याकडे हिमालयन बाईक आहे, माझ्या कमाईतून घेतलेली. रविवारी पहाटे मैत्रिणींबरोबर निघते, बहुतेक वेळा माळशेजकडे. सासूबाई म्हणतात, नवी नोकरी, नवं घर, त्यात ही दोनशे किलोची गाडी कुठे नाचवणार? विकून टाक, स्कूटर घे. नवरा म्हणतो, ऑफिसला बाईकनेच जा, गाडीही वापरात राहील. मला दोन्ही पटत नाही आणि तिसरं काही सुचत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : विकू नकोस. आणि ऑफिसलाही नेऊ नकोस.

नवऱ्याचा सल्ला प्रेमाचा आहे, पण खरं सांगते, सासूबाईंच्या सल्ल्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटते. रबाळे एमआयडीसीत एका कारखान्याच्या एचआरमध्ये मी बरीच वर्षं काढली. बुलेट नाहीतर डोमिनार घेऊन हौसेने कामावर येणारी पोरं वर्षभरात "रविवारी गाडीचं तोंड बघायला नको" म्हणायला लागलेली मी पाहिली आहेत. ठाणे-बेलापूर रोड सकाळी साडेनऊला कसा असतो ते तुला ठाऊक आहे. कळवा नाक्यापासून विटाव्यापर्यंत पहिला-दुसरा गिअर, डावीकडे ट्रेलरचं चाक, उजवीकडे रिक्षा, आणि क्लच दाबून दाबून आखडलेला डावा पंजा. जोराचा पाऊस झाला की विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं, मग तिथून मागे फिरायचं. आठवड्याचे पाच दिवस हे केल्यावर रविवारी पहाटे पाचला अंग उठत नाही. वेळ नसल्यामुळे ही हौस सुटलेली मी फार कमी पाहिली. गाडीला हमालीला लावलं की मात्र ती हमखास सुटते.

म्हणून ऑफिसचा रस्ता लोकलचा. कासारवडवलीत असेपर्यंत ठाणे स्टेशन गाठणं हाच त्रासाचा टप्पा आहे. तिथून ऐरोली म्हणजे मध्ये फक्त दिघा गाव, तेही स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालंय. खारघरला गेलीस की पनवेल-ठाणे लोकल तुला न बदलता ऐरोलीला सोडते, आणि नवऱ्याचं बेलापूर तर पुढचंच स्टेशन. त्या अर्थाने खारघर तुम्ही चांगलं निवडलंय.

घाई मात्र दिवाळीची करू नका. आधी शिफ्ट हातात येऊ दे. रात्रपाळी लागली तर सगळं गणितच बदलतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर दारापर्यंत वाहनाची सोय कंपनीने करायची असते. रुजू होताना एचआरला दोन गोष्टी सरळ विचार: माझी शिफ्ट कधी पक्की होणार, आणि कॅब खारघरपर्यंत येते का. काही कंपन्यांची कॅब ठरावीक हद्दीपलीकडे जात नाही, आणि ती हद्द घर बदलल्यावर कळली तर फार मनस्ताप होतो. रात्रपाळी मिळालीच, तर ती संपवून आलेल्या सकाळी बाईकला हात लावायचा नाही. मैत्रिणी कितीही आग्रह करोत. झोप न झालेला माणूस घाटातल्या वळणावर अर्धा क्षण उशिरा ब्रेक दाबतो, आणि तेवढं पुरतं.

नोकरीबद्दल आणखी एवढंच. जुना पीएफ काढू नकोस, नव्या खात्यात वळवून घे. पाच वर्षांची सलग नोकरी व्हायच्या आत काढलास तर त्यावर कर बसतो. आणि जुन्या कंपनीतलं या आर्थिक वर्षाचं उत्पन्न नव्या कंपनीला लेखी कळव. नाहीतर दोन्हीकडे करसवलती वेगवेगळ्या धरल्या जातात आणि वर्षाअखेरीस मोठा कर एकदम भरायची वेळ येते. डिपॉझिट आणि सामान हलवण्याच्या खर्चाच्या वर्षात ते परवडत नाही.

आता घर. सासूबाईंच्या बोलण्यातला "कुठे नाचवणार" हा प्रश्न अगदी खरा आहे आणि त्याचं उत्तर पार्किंगमध्ये आहे. खारघरला फ्लॅट बघायला जाशील तेव्हा हिमालयन घेऊनच जा. ब्रोकर "टू-व्हीलर पार्किंग आहे ना मॅडम" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर स्कूटर असते. तू गाडी प्रत्यक्ष आत घाल. रॅम्पचा उतार किती आहे, खाली वळताना हँडल पूर्ण कापता येतं का, दोन खांबांच्या मध्ये गाडी लावल्यावर शेजारची ॲक्टिव्हा काढणाऱ्याला ती आडवी येते का, हे सगळं बघ. मग इंजिन बंद करून, पाय जमिनीला लावून ती मागे ढकलत बाहेर काढ. तळमजल्याला गुळगुळीत टाइल असेल तर पावसात बूट सरकतात आणि वजन एकदा कलंडलं की एकटीला सावरत नाही. उतारावर लावावी लागत असेल तर पहिल्या गिअरमध्ये, तोंड चढाकडे करून. ही परीक्षा पास होईल तो फ्लॅट आवडला म्हण. बाल्कनी, मॉड्युलर किचन नंतर.

पार्किंगची जागा भाडेकरारात लिहून घे आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना मालकासमोरच विचार. तोंडी "लावा हो कुठेही" हे नवीन कमिटी आली की संपतं. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा त्याने टाळाटाळ केली तर ऐकू नकोस. प्रोबेशन चालू असताना लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, जितका कमी तितका बरा, आणि ११ महिन्यांच्या करारात तो कमी करून मागता येतो.

सामान टेम्पोने जाऊ दे, बाईक मात्र टेम्पोत चढवू नकोस. ठाणे-खारघर अंतर ते काय! सामान हलवायच्या आदल्या रविवारी सकाळी स्वतः चालवत ने, नव्या जागी लाव आणि लोकलने परत ये. त्या निमित्ताने वॉचमनची ओळख होईल, आणि त्याला गाडी कोणाची ते कळेल. हे वाटतं त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पत्ता बदलल्यावर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. खारघर पनवेल आरटीओत येतं, पण राज्य तेच असल्यामुळे तुझा एमएच ०४ चा नंबर तसाच राहतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना हरकत आधी मागून ठेव, कारण तिथेच अडतं. विम्यावरचा पत्ताही त्याच वेळी बदलून घे.

मैत्रिणी आणि माळशेज यांची तुला सगळ्यात जास्त चुटपुट असणार, पत्रातून जाणवतंच आहे. माळशेज तुटत नाही. त्या ठाण्याहून कल्याणला येतील, तू तळोजा-शिळफाट्यावरून कल्याणला ये नाहीतर थेट मुरबाडला गाठ. पण खारघर तुला दुसरी एक दिशा देतं, जी घोडबंदरला राहून कधी मिळाली नसती. पळस्प्यापासून मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो. कर्नाळ्याची झाडी, पुढे पेण, वडखळला उजवीकडे वळून पोयनाडवरून अलिबाग. सकाळी लवकर निघालीस तर समुद्र बघून दुपारच्या जेवणाला घरी. थोडी मोठी राईड हवी तर कोलाडवरून ताम्हिणी. जुन्या पुणे हायवेने खोपोलीपर्यंत जाऊन मिसळ खाऊन येणं हे तर रविवारचं साधं काम. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे फाट्यावर पाट्या नीट बघ. नव्या भागातली पहिली राईड मैत्रिणींना तुझ्याकडे बोलावून कर. त्यांनाही बदल हवाच असेल.

पहिले तीन महिने दर रविवारचा हट्ट धरू नकोस. एक आड एक रविवार ठेव, पण तो कॅलेंडरवर लिहून ठेव आणि घरात सगळ्यांना माहीत असू दे. "जमलं तर जाईन" म्हटलेला रविवार वाणसामानाला आणि पाहुण्यांना जातो. सासूबाईंना निघताना रस्ता सांगून जा, पहिल्या चहाला फोन कर. त्यांना गाडीचा राग आहे असं मला वाटत नाही. तू परत येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि तो फोन त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट असते.

प्रश्न : उलव्याला नुकतेच राहायला आलोय. नवी नोकरी शिवडीला. अटल सेतूवरून बाईकने अर्ध्या तासात पोहोचेन या हिशोबाने घर घेतलं. मित्र म्हणतो, बाईक सोडत नाहीत. खरं काय?
— एक वाचक, उलवे

उत्तर : मित्र बरोबर आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं तेव्हापासून त्यावर दुचाकी आणि रिक्षा यांना बंदी आहे. बाईकने जायचं तर वाशीच्या खाडीपुलावरून मानखुर्द, चेंबूर असा लांबचा वळसा आहे. रोज तो करू नका. खारकोपर किंवा बामणडोंगरीहून नेरूळ अथवा बेलापूरला या, तिथे हार्बरची सीएसएमटी गाडी पकडा, ती शिवडीला थांबते. उरण मार्गावर दोन गाड्यांमध्ये बराच वेळ जातो, म्हणून वेळापत्रक पाठ हवं. स्टेशनपर्यंत बाईक न्यायला हरकत नाही, फक्त रात्रभर तिथे सोडू नका.

प्रश्न : वय ४२. नव्या नोकरीत वर्षभर बंगळुरूला राहायचं आहे, घर कोपरखैरण्यातच राहील. माझी क्लासिक ३५० सोसायटीत उभी असेल. वडील म्हणतात, मी रोज दोन मिनिटं चालू करून ठेवीन. तेवढं पुरेल का? की विकावी?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : वर्षासाठी विकू नका. परत आल्यावर तशीच गाडी घ्यायला जास्त पैसे जातील, आणि हातात बसलेली गाडी ती वेगळीच.

वडिलांना मात्र हात जोडून सांगा की रोज दोन मिनिटं चालू करू नका. तेवढ्यात स्टार्टर जेवढी बॅटरी खातो तेवढी भरून निघत नाही, आणि सायलेन्सर नीट तापत नसल्याने आत तयार झालेलं पाणी आतच राहून गंज धरतं. गाडी चालवता येणारा पुतण्या-भाचा असेल तर पंधरवड्यातून एकदा अर्धा तास पाम बीच रोडला फिरवून आणू दे, हेल्मेट घालून आणि मर्यादेत. तसं कोणी नसेल तर ती सरळ निजवा.

निजवायची पद्धत अशी. जाण्याआधी सर्व्हिसिंग करून ऑइल बदला, कारण जुनं काळं ऑइल वर्षभर इंजिनात ठेवू नये. टाकी काठोकाठ भरा. खाडीकाठच्या दमट हवेत अर्धी रिकामी लोखंडी टाकी आतून गंजते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, किंवा बॅटरी काढून घरात ठेवा आणि वडिलांना महिन्यातून एकदा चार्ज करायला सांगा. हे काम त्यांना द्या, त्यांच्या मनालाही बरं वाटेल. चेन पुसून तिला तेल द्या. गाडी मेन स्टँडवर लावा आणि टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा ठेवा. प्लॅस्टिकचं कव्हर नको, त्याखाली घाम धरतो. कापडी घ्या, आणि पावसाळ्यात ऊन पडेल तेव्हा काढून गाडीला हवा लागू द्या. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा आणि जागा झाडून स्वच्छ. बोळा घातल्याची चिठ्ठी हँडलला बांधा.

गाडी उभी असली तरी थर्ड पार्टी विमा तुटू देऊ नका. परत आल्यावर पीयूसी काढायच्या आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरा, ब्रेक ऑइल तपासून घ्या, आणि पहिल्या दिवशी वाशीपर्यंतच जा.