कपाळावरचा कलप

प्रश्न : मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळीच दाढी केली आणि घरीच डोक्याला, मिशीला कलप लावला. कपाळावर, कानांच्या पाळ्यांवर, ओठाच्या वर काळे पट्टे उठले. बायकोने लिंबू चोळलं, मेहुण्याने रॉकेलचा बोळा फिरवला. डाग तसेच, वर कातडं लालभडक. सगळ्या फोटोंत मी तसाच! पुढच्या महिन्यात लग्न आहे. डागावर काय लावू? (कलपाने कानामागे दर वेळी थोडी खाज सुटते, पण दोन-तीन दिवसांत जाते.)
— एक वधूपिता, कराड

उत्तर : आधी मेहुण्याच्या हातातलं रॉकेल काढून घ्या. सांगलीत सव्वीस वर्षं माझं पार्लर होतं. लग्नसराईत तुमच्यासारखे वधूपिते टोपी कपाळावर ओढून यायचे आणि निम्म्यांनी घरी काहीतरी चोळून आधीच साल काढलेली असायची. लिंबू, खायचा सोडा, नेलपॉलिशचं रिमूव्हर, यातलं काही तोंडाला लावू नका.

दोन ट्यूबा कालवल्या की रंग लगेच चढत नाही, पाऊणएक तास हळूहळू गडद होतो. म्हणून कपाळावर ओघळलेला थेंब आधी फिकट तपकिरी दिसतो. तेव्हाच ओल्या कापसाने टिपला तर निघतो. आपण मात्र म्हणतो, आंघोळीला जाईलच की! वीस मिनिटांनी तो काळा झालेला असतो. मग खोबरेल चोळून दहा मिनिटं ठेवायचं, कापसाने पुसायचं, साबणाने धुवायचं. एकदम जाणार नाही, फिका पडेल. उरलेला रंग वरच्या मेलेल्या कातडीत असतो, ती चार-सहा दिवसांत गळते तसा तोही जातो. म्हणजे कलप लग्नाच्या आठवडाभर आधी, आदल्या रात्री नव्हे. आणि दाढी केलेल्या दिवशी तर नाहीच. लावण्याआधी कपाळाच्या कडेला, कानांवर व्हॅसलीन फिरवा, केसांना मात्र लागू देऊ नका. तिथे रंग धरत नाही आणि पांढरी किनार राहते. (माझ्या पहिल्याच गिऱ्हाइकाची राहिली होती. ते परत आले नाहीत.)

पण हे सगळं पुढचं. कंसात टाकलेली ती खाज मला डागापेक्षा मोठी वाटते. बऱ्याच कलपांत पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची अॅलर्जी अशीच कानामागून सुरू होऊ शकते. एखाद्या खेपेला थेट पापण्या सुजून डोळे मिटतात. पाकिटावर ‘काळी मेंदी’ लिहिलेलं असलं तरी त्यात पीपीडी असू शकतं. कानामागे थेंब लावून ४८ तास बघायची सूचना पाकिटात असते, ती कुणी वाचत नाही. तुम्हाला तर खाज आधीच सुटते, तेव्हा आता घरी थेंबही लावून बघू नका. या आठवड्यातच त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर कलप बंद.

त्यांनी नको म्हटलं तर? माझ्या थोरल्या भावाने लेकीच्या लग्नात मिशा पांढऱ्याच ठेवल्या होत्या. वर कोल्हापुरी फेटा होता. व्याही त्यांच्यासोबत फोटो काढून घ्यायला दोनदा आले.