केकच्या ऑर्डरी येतात, पैसे जातात कुठे?

प्रश्न : मी नाशिकला राहते, केक करायची आवड आधीपासूनच, आता सोसायटीतून ऑर्डरी येतायत. सासूबाई पॅकिंग बघतात, नवरा ऑफिसवरून आला की स्कूटरवर डिलिव्हरी करतो, तरी हातात काही उरत नाही. शिवाय उन्हाळ्यात आयसिंग वितळतं. काय करू?

उत्तर : अगं, घरचे पाठीशी आहेत हे झकासच, पण त्यांचा वेळ फुकट धरतेस तिथेच गणित फसतंय. नुसतं मैदा, बटर, क्रीम न मोजता खोका, बोर्ड, वीज, पेट्रोल आणि सगळ्यांचे तास वहीत लिही नि मगच भाव सांग, मावशीचा केक असला तरी (खरी पंचाईत तिथेच होते!). निम्मा ॲडव्हान्स आल्याशिवाय ओव्हन लावायचाच नाही.

मे महिन्यात डेअरी क्रीमचा हट्ट सोड, नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम जास्त तग धरतं, भांडं नि बीटर आधी फ्रिजमध्ये गार करून घे. फॉन्डंटची (साखरेच्या मळलेल्या गोळ्याची) फुलं मात्र फ्रिजमध्ये नको, बाहेर काढली की घाम सुटून चिकट होतात.

एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन घरगुती धंद्यालाही लागतं, ऑनलाइन होतं, १४ आकडी नंबर मिळेल तो खोक्यावर छाप. आणि उधारीची वही सासूबाईंकडे दे, त्या बरोबर वसूल करतील.